ससून हे एका बापाचं नाव आहे

मा. अधिष्ठाता,
बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून सर्वोपचार रुग्णालय, पुणे
यांस,



वेल्ह्याहून, भोरहून, पुरंदरच्या वाड्यावस्त्यांवरून पहाटेच्या एसटीने माणसं पुण्याकडे निघतात. बरोबर कापडी पिशवी, पिशवीत जुने रिपोर्ट, भाकरीचं गाठोडं. शेजारच्याने विचारलं, कुठं निघालात, तर उत्तर एका शब्दाचं असतं: ससूनला. पुढे पत्ता विचारावा लागत नाही आणि आजार किती गंभीर आहे हेही बऱ्याचदा विचारावं लागत नाही. खाजगी दवाखान्यात पैसे संपले की ससून. अपघात झाला की ससून. या शब्दात पुणे जिल्ह्याची धास्ती आहे आणि शेवटची आशाही आहे.

केसपेपरच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 'ससून' हे कुणा माणसाचं नाव वाटतच नाही. ते गावाच्या नावासारखं, नदीच्या नावासारखं कायमचं होऊन बसलं आहे. एखाद्याला फार तर ठाऊक असतं की कुणी ज्यू दानशूर होता, त्याने पैसे दिले. त्या दानशूर माणसाने आपलं गाव जीव वाचवण्यासाठी सोडलं होतं, हे मात्र कानावर आलेलं नसतं. हे पत्र त्या माणसाविषयी आहे. शेवटी आपल्याकडे एक छोटी विनंती आहे, पण तिच्याआधी हकीकत यायला हवी.

हकीकत बगदादची. तिथे तेव्हा ऑटोमन सुलतानाच्या नावाने मामलुक पाशा कारभार करत होते. शेख सासोन बेन सालेह हे कित्येक वर्षं या पाशांचे खजिनदार होते. त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं सराफ-बाशी. पुणेकरांना यातला पहिला शब्द समजावून सांगायला नको. सोन्यामारुतीच्या आसपासच्या पेढ्यांवर लिहिलेला 'सराफ' तो हाच, अरबीतून आलेला. शेख सासोन बगदादच्या ज्यू समाजाचेही प्रमुख होते. त्यांच्या घरात १७९२ साली मुलगा झाला, त्याचं नाव दाविद ठेवलं. इंग्रजी अमलात तोच पुढे डेव्हिड झाला.

वाडवडिलांपासून दरबारात वजन असलेलं घराणं. पण दरबारी वजन मर्जीवर असतं. दाऊद पाशा गादीवर आला आणि ज्यू सावकारांच्या मागे वसुलीचा, धाकदपटशाचा ससेमिरा लागला. (दाऊद आणि दाविद हे एकच नाव, छळणारा आणि छळला जाणारा असे दोघे नामबंधू.) १८२० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस दाविदला पाशाने तुरुंगात टाकलं. फाशीची भाषा सुरू झाली. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या शेख सासोनने पैसे मोजून मुलाला सोडवलं आणि पाशाचं मन बदलण्याआधी त्याला नदीमार्गाने बसऱ्याकडे रवाना केलं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवलेले होते. ते खरं असो वा नसो, निघालेल्या माणसाजवळ अंगावर वागवता येईल एवढंच होतं, यात शंका नाही.

बसऱ्यालाही पाशाचा हात पोचत होता. म्हणून आखात ओलांडून इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर गाठलं. म्हातारे वडील तिथे येऊन मिळाले. ज्याच्या शब्दावर बगदादची तिजोरी उघडत असे तो माणूस परक्या बंदरात, उसन्या छपराखाली येऊन राहिला आणि १८३० साली तिथेच वारला.

इथे थोडं थांबायला हवं. दाविद सासोनचा मुलगा, म्हणून दाविद सासोन. इंग्रजी कागदांवर तेच 'ससून' झालं. म्हणजे ज्याला आज आपण आडनाव समजतो ते बापाचं नाव आहे. आपल्याकडे बापाचं नाव माणसाच्या नावात मधोमध असतं. दाविदने ते शेवटी ठेवलं, आणि त्याच्या मुलांनी, नातवंडांनी तेच पुढे चालवलं. तुरुंगाच्या दारातून मुलाला सोडवून आणणाऱ्या आणि परमुलखात डोळे मिटलेल्या एका म्हाताऱ्याचं नाव पुण्याच्या रुग्णवाहिकांवर लिहिलेलं आहे. हिब्रूत 'सासोन' या शब्दाचा अर्थ आनंद असा होतो.

वडील गेल्यावर वर्षभरात बगदादमध्ये प्लेग आला, पूर आला आणि १८३१ मध्ये दाऊद पाशाची सत्ताही गेली. छळणारा गेला होता. परत फिरायचं तर फिरता आलं असतं. दाविद फिरला नाही. त्याने तोंड मुंबईकडे वळवलं. बुशहरला ईस्ट इंडिया कंपनीची वखार आणि रेसिडेन्सी होती, मुंबईशी गलबतांची नित्याची ये-जा होती, आणि चीनच्या व्यापारावरची कंपनीची मक्तेदारी संपण्याची वेळ आली होती. १८३२ च्या सुमारास तो बायकामुलांसह मुंबईत उतरला तेव्हा चाळिशीला आला होता. पहिली बायको हन्ना १८२६ मध्ये गेलेली, तिची चार मुलं. दुसरी बायको फर्हा, तिची मुलं वेगळी. पुढे एकूण चौदा लेकरं झाली, त्यांत आठ मुलगे.

चाळिशीत बिऱ्हाड नव्याने मांडणं म्हणजे काय असतं हे सांगायला पिंपरी कॅम्पातली जुनी सिंधी माणसं हवीत. फाळणीनंतर कराची, हैदराबाद, सक्करहून आलेल्या कुटुंबांना तिथे लष्करी बराकींत जागा मिळाली, आणि कालपर्यंत हवेलीत राहणाऱ्या बापांनी गाडीवर कापड, पापड, गोळ्या-बिस्किटं विकायला सुरुवात केली. ज्यांच्याकडे मुलं शिकवायला मास्तर घरी येत असत, त्यांनी मुलांना कंदिलाखाली बसवून शिकवलं. डेव्हिड ससूनचा पैसा पुढे अफाट झाला म्हणून त्याची गोष्ट वेगळी वाटते. सुरुवातीची दहा वर्षं पाहिली तर ती याच बापांच्या गोष्टीसारखी आहे.

मुंबईत फोर्टातल्या टॅमरिंड लेनमध्ये त्याची पेढी होती. घरात बगदादी अरबी बोलली जाई. पत्रव्यवहार त्याच बोलीत, पण हिब्रू लिपीत चाले. आपल्या सावकारांची जशी मोडी, तशी ही यांची. परक्याच्या हाती पत्र पडलं तरी भाव फुटायचे नाहीत. प्रत्येक व्यवहारावर शेकडा पाव धर्मादाय काढून ठेवायची रीत पेढीने पाळली. मुलगे कळते झाले की त्यांना एकेक बंदर वाटून दिलं जाई. दुसरा मुलगा इलियास १८४४ मध्ये चीनला गेला तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. कँटन, हाँगकाँग, शांघाय इथे त्याने वर्षंच्या वर्षं काढली. १८५८ मध्ये आणखी एक मुलगा लंडनला रवाना झाला. ज्या बापाला एकाच शहरात सगळं ठेवल्याची किंमत मोजावी लागली होती त्याने मुलांना चार समुद्रांवर पांगवलं. यात व्यापाराचा हिशेब होताच. पण भीतीही असणार, असं हे पत्र लिहिणाऱ्याला वाटतं: एका ठिकाणचा पाशा फिरला तरी दुसरीकडे चूल पेटती राहावी.

१८५३ मध्ये डेव्हिड ससून ब्रिटिश प्रजाजन झाला. निष्ठेची शपथ घेऊन कागदावर सही करायची होती. साठीचा माणूस, वीस वर्षं इंग्रजांच्या शहरात व्यापार केलेला, गव्हर्नरांच्या ओळखीचा. त्याने सही हिब्रूत केली. इंग्रजी त्याने कधी आत्मसात केली नाही. डोक्यावर पागोटं, अंगात पायघोळ बगदादी झगा हा वेशही शेवटपर्यंत बदलला नाही. राज्य ज्याचं, त्याच्याशी इमान राखीन, पण उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात तसाच राहील, असं ती सही सांगते. या सहीनंतर अवघ्या ३३ वर्षांनी त्याचा पणतू जन्मला, सीगफ्रिड ससून. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांविषयी इंग्रजीत कविता लिहिणाऱ्यांत त्याचं नाव आज पहिल्या काहींत घेतलं जातं.

आता अफूविषयी. ही गोष्ट टाळली तर हे पत्र खोटं ठरेल. ससून पेढी कापूस, सूत, कापड, रेशीम यांचा व्यापार करत होती आणि अफूचाही. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. १८४२ मध्ये पहिलं अफू-युद्ध संपून चीनची बंदरं जबरदस्तीने उघडली गेली, त्यानंतर ससूनांनी या धंद्यात पाय रोवले आणि १८७० च्या दशकापर्यंत ते त्यातल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाले. हा धंदा तेव्हा इंग्रजी कायद्याने मान्य होता, मुंबईचे इतर नामवंत शेठही त्यात होते. त्याने चीनमधल्या घराघरांतल्या बापांचं काय केलं, हे मात्र त्या कायद्याने झाकलं जात नाही. व्यसनमुक्तीचा रुग्ण तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला हे ठाऊक असायला हवं की तो ज्या नावाखाली काम करतो त्या नावामागच्या पैशात हाही पैसा होता. डेव्हिड ससूनची थोरवी सांगताना अफू गाळणं, किंवा अफू सांगताना बाकी सगळं पुसणं, दोन्ही त्या माणसावर आणि आपल्यावर अन्याय आहे.

दुसरीही एक सल आहे. बगदादी ज्यू मुंबईत आले त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात मराठी बोलणारे बेने इस्राएल होते. ते शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. नव्याने आलेल्या बगदादींनी या जुन्या भाऊबंदांना आपल्या बरोबरीचं मानलं नाही. १८३६ मध्ये तर मुंबईच्या कब्रस्तानात दोघांच्या थडग्यांमध्ये भिंत घालावी, अशी मागणी बगदादींनी केली. स्वतः हाकलून दिलेली माणसं चार वर्षांत दुसऱ्यांसाठी भिंत मागतात, हे वाचताना वाईट वाटतं.

पुण्याशी त्याचं नातं उतारवयातलं. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम पुण्याला असे, मुंबईचे धनिकही येत. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईहून पुण्यापर्यंत सलग आगगाडीने येता येऊ लागलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. त्याच १८६३ मध्ये ससूनच्या पैशातून पुण्यात दोन इमारतींचं काम सुरू झालं. एक हे रुग्णालय, दुसरं लष्कर भागातलं सिनेगॉग. दोन्हींचे आराखडे हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरचे. रुग्णालय १४४ रुग्णांसाठी योजलं होतं. अपंग आणि निराधारांसाठीही त्याने सोय केली. नव्या पेठेत 'निवारा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या मूळ नावात, डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह या नावात, ती आठवण आहे. घरदार गमावलेल्या माणसाने उभ्या केलेल्या आसऱ्याला पुणेकरांनी 'निवारा' म्हणावं, हा शब्द अगदी नेमका पडला आहे.

नोव्हेंबर १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यातच वारला. रुग्णालय आणि सिनेगॉग, दोन्हींचं काम १८६७ मध्ये पुरं झालं. दोन्हींपैकी एकही इमारत त्याने पुरी झालेली पाहिली नाही.

आपल्या रुग्णालयातून निघून त्याच्या समाधीपर्यंत चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. वाटेत साधू वासवानी चौक लागतो. टी. एल. वासवानी सिंधमधल्या हैदराबादचे; फाळणीनंतर देशांतर करावं लागलं आणि १९४९ पासून पुण्याचे झाले. म्हणजे एका निर्वासिताच्या नावाच्या रुग्णालयाकडून त्याच्याच समाधीकडे जाणारी वाट दुसऱ्या निर्वासिताच्या नावाच्या चौकातून जाते. रोज हजारो दुचाक्या इथे सिग्नलला थांबतात. पुढे मोलेदिना रोडवर तांबड्या विटांचा ९० फुटी मनोरा दिसतो. मनोऱ्यावरचं घड्याळ लंडनहून आणलेलं. सुरक्षेसाठी फाटकातून आत जायला परवानगी लागते, पण मनोरा रस्त्यावरूनही पुरेसा दिसतो.

या वास्तूचं खरं नाव ओहेल डेव्हिड. ओहेल म्हणजे तंबू: दाविदाचा तंबू. दगडविटांच्या एवढ्या भक्कम इमारतीला तंबू म्हणण्यामागे धर्मग्रंथांतली परंपरा आहे. तरीही ज्याला रातोरात मुक्काम हलवावा लागला होता त्याच्या शेजारी ते नाव वाचताना वेगळं काही जाणवतं. पुणेकरांनी मात्र तिला स्वतःचं नाव दिलं, लाल देऊळ. चर्च म्हटलं नाही, मशीद म्हटलं नाही. देव जिथे ते देऊळ, आणि विटा लाल. त्या देवळाच्या सावलीत डेव्हिड ससूनची समाधी आहे, छोटी, घडीव दगडांची, हिब्रू अक्षरं कोरलेली. शपथपत्रावरच्या सहीची आणि समाधीवरची लिपी एकच.

आज या देवळात प्रार्थनेला जमणारी मोजकी मंडळी बहुतांशी बेने इस्राएल आहेत. घरी मराठी बोलणारी, ज्यांच्यासाठी कधीकाळी भिंत मागितली होती तीच. बगदादी कुटुंबं लंडनला, इस्राएलला, आणखी कुठे कुठे गेली. बगदादमध्येही काही उरलं नाही. १९५०-५१ मध्ये लाखाच्या वर ज्यूंनी इराक सोडला. दाविदचं गाव त्याच्यामागून सव्वाशे वर्षांनी रिकामं झालं. त्याच्या समाधीला पाणी घालणारे, दिवा लावणारे हात इथल्या मातीतले आहेत.

महोदय, आपल्या संस्थेला आठवण जपायची सवय आहे. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याचे कैदी मोहनदास गांधी यांच्यावर कर्नल मॅडॉक यांनी इथे अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. ती खोली स्मारक म्हणून राखलेली आहे. तेव्हा विनंती अवघड नाही: केसपेपरच्या खिडकीजवळ मराठीत एक फलक लावावा. 'थोर देणगीदार' एवढाच मजकूर त्यावर नको. श्रीमंतांनी दिलं, गरिबांनी घेतलं, एवढंच त्यातून कळतं. तिथे उभ्या असलेल्यांत कुणी पुरात घर गमावलेला असतो, कुणी धरणात गाव गेलेला, कुणी पोराच्या उपचारासाठी बैलजोडी विकलेला, कुणी झारखंडहून, बिहारहून बांधकामावर आलेला. त्यांना तो माणूस ओळखू यावा. मजकूर काहीसा असा:

'या रुग्णालयाला डेव्हिड ससून (१७९२–१८६४) यांचं नाव आहे. ते बगदादचे ज्यू होते. तिथल्या पाशाने तुरुंगात टाकल्यावर वडिलांनी पैसे भरून त्यांना सोडवलं. घरदार सोडून ते आधी इराणला आणि तिथून मुलाबाळांसह मुंबईला आले. ससून हे त्यांच्या वडिलांचं नाव. त्याचा अर्थ आनंद. त्यांचा पैसा कापूस, कापड आणि अफूच्या व्यापारातून आला. हे रुग्णालय पुरं होण्याआधी ते पुण्यात वारले. त्यांची समाधी इथून चालत जाण्याच्या अंतरावर, लाल देवळाच्या आवारात आहे.'

नव्या विद्यार्थ्यांचा पहिला दिवस असतो तेव्हाही हा मजकूर कुणी मोठ्याने वाचून दाखवला तर दोन मिनिटं लागतील.

फलक फार उंचावर नको, हीदेखील विनंती. रांग लांबली की माणसं तिथेच भिंतीला टेकून जमिनीवर बसतात. बसल्या बसल्या वाचता येईल इतक्या उंचीवर तो असावा, अक्षरं ठळक असावीत, आणि चष्मा घरी विसरलेल्या आजीला शेजारच्या पोराने वाचून दाखवता यावा.

आपला,
लष्कर भागातला एक रहिवासी, पुणे